उत्तरलहर

प्राध्यापक हेरंब गुळवणी यांच्या डोक्यावरची टोपी त्यांच्या मंडळातल्या कुणी पाहिली असती, तर पुढच्या दहा सभांना पुरेल एवढा विनोद त्यांना मिळाला असता. लहान मुलांच्या कानटोपीसारखी ती होती, हनुवटीखाली बंद बांधलेला, आणि आतल्या बाजूला तांदळाच्या कणीएवढे शेकडो संवेदक. मिरजेच्या मज्जासंशोधन केंद्रात तिला लहरटोप म्हणत. मेंदूत उठणाऱ्या लहरी टिपून समोरच्या पडद्यावर त्यांच्या रेषा काढायच्या, एवढंच तिचं काम.

"मी काही वाक्यं ऐकवणार आहे, सर," डॉ. रुकसाना बागवान म्हणाल्या. "तुम्ही फक्त ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही."

"म्हणजे जन्मात न केलेली गोष्ट करायची," हेरंबराव म्हणाले.

रुकसाना हसल्या. एके काळी सांगलीच्या कॉलेजात त्या हेरंबरावांच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या. तेव्हापासून सर असेच होते. नाव गणपतीचं आणि देवावर विश्वास नाही, असं कुणी चिडवलं की ते म्हणायचे, "आईबापांच्या अंधश्रद्धेची शिक्षा मला कशाला?" आणि वर्ग हसायचा. निवृत्तीनंतर तर त्यांनी 'उजेड मंडळा'तर्फे गावोगाव व्याख्यानांचा सपाटाच लावला. मंडळाची एक गमतीची रीत होती. सभा संपली की कार्यकर्ते एकमेकांना विचारत, "आज किती हशे पडले?" टाळ्या लोक शिष्टाचार म्हणूनही वाजवतात, हशा मात्र खोटा नसतो, असं हेरंबरावांचं म्हणणं. ज्या सभेत देवाधर्मावर भरपूर हशे पडले, ती सभा जिंकली.

पडद्यावर दोन रेषा होत्या. निळी रेषा ऐकण्याची, केशरी उत्तराची.

"पुण्याहून मिरजेला येताना वाटेत कराड लागतं," यंत्राने ऐकवलं. निळी रेषा वाक्य संपेपर्यंत वर राहिली. मग ती खाली आली आणि केशरी रेषेवर एक बारीकसा उंचवटा आला.

"आता दुसरं."

"श्रद्धेमुळे माणसाला दुःखात..." यंत्राने सुरुवात केली, आणि केशरी रेषा फणा काढावा तशी उभी राहिली. त्याच क्षणी निळी खाली कोसळली. वाक्य संपेपर्यंत ती तिथेच पडून होती.

"सर, वाक्याचा शेवट काय होता?"

हेरंबरावांनी तोंड उघडलं. आठवेना. पण आठवेना असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "आधार मिळतो, धीर मिळतो, दुसरं काय असणार? तेच ते रडगाणं. अफूनेही धीर मिळतो."

"वाक्य असं होतं," रुकसानांनी शांतपणे वाचून दाखवलं. "श्रद्धेमुळे माणसाला दुःखात मिळणारा आधार पुष्कळदा फसवा असतो. तुमच्याच एका व्याख्यानातलं आहे, सर."

हेरंबराव म्हणाले, "झकास. म्हणजे मी मलाच खोडून काढलं."

पण त्यांच्या हसण्यात नेहमीचा जोर नव्हता. ते काही गंमत म्हणून इथे आले नव्हते. त्यांची धाकटी बहीण शालन हिच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली होती. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर ती बरी होईल, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत होते. आणि शालन नको म्हणत होती. दत्तमहाराज ठेवतील तशी राहीन, एवढंच म्हणायची. हेरंबरावांनी महिनाभर डोकेफोड केली होती. ज्यांनी हजारोंच्या सभा फिरवल्या, त्यांना घरातली एक बहीण वळवता येत नव्हती.

"तुझं यंत्र मेंदू वाचतं म्हणे," ते म्हणाले. "मग तिच्या डोक्यात शिरेल असा एक युक्तिवाद मला शोधून दे. एकच दे."

"त्याआधी यंत्राला काय सापडलंय ते ऐका. शेवटपर्यंत," रुकसाना म्हणाल्या. "मेंदू ऐकणं आणि उत्तर रचणं ही दोन कामं एकदम करत नाही. साध्या माणसाचं वाक्य आधी ऐकून होतं, मग उत्तरलहर उठते. तुमची दुसऱ्या शब्दालाच उठते. ती उठली की आतलं दार बंद होतं. कान उघडे असतात, पण पोचत काही नाही."

"अनुभव आहे माझा. मला पुढचं आधीच कळतं."

"कळलं होतं का आत्ता?" रुकसानांनी विचारलं. "हे हुशारीमुळे होत नाही, सर. लसीमुळे होतं. लस म्हणजे काय? अशक्त केलेला जंतू. तो अंगात सोडला की शरीर त्याला सहज मारतं आणि त्याची ओळख कायमची लक्षात ठेवतं. मग खरा दणकट जंतू आला तरी उंबऱ्यावरच मरतो. विचारांचंही तेच आहे. एखाद्या विचाराचं लुळंपांगळं रूप माणसाला दाखवा, ते त्याच्याकडून मोडून घ्या, वर चार लोक हसू द्या. मग त्याच विचाराचं भक्कम रूप त्याच्यापुढे आणा. त्याला ते ऐकूच जात नाही. आम्ही याला मतकवच म्हणतो."

"आणि मी काय केलं म्हणतेस?"

"तुम्ही तीस वर्षं लस टोचत फिरलात."

हेरंबरावांचा चेहरा लाल झाला. "मी भोंदूंशी लढलो, रुकसाना! तापाने फणफणलेल्या पोरीला डाग देणारे लोक आहेत. त्यांच्याशी काय गोडीगुलाबीने बोलायचं?"

"त्या पोरीला तुम्ही उचलून दवाखान्यात नेलंत. त्या दिवशी तुम्ही भाषण केलं नाही, म्हणून ती वाचली," रुकसाना म्हणाल्या. "भोंदूला तुम्ही झोडपलंत याचं मला कौतुकच आहे. पण नंतर व्यासपीठावर तुम्ही त्या भोंदूलाच सगळा धर्म म्हणून उभा करायचात. शेवटच्या घटका मोजणाऱ्या आजाऱ्याजवळ रात्र काढणारी बाई, अन्याय सोसूनही कुणाचं वाईट न चिंतणारा म्हातारा, हे तुमच्या आखाड्यात कधी उतरलेच नाहीत. गल्लीतल्या पोराला चीतपट करायचं आणि हिंदकेसरीची गदा खांद्यावर घ्यायची. समोरचा भाविक मनात म्हणायचा, मी काही या बाबासारखा नाही, म्हणजे या सरांना माझ्याबद्दल काही माहीत नाही. झालं, त्याला कवच आलं. आणि तुमचे कार्यकर्ते म्हणायचे, सगळे भाविक असलेच. त्यांनाही कवच आलं. तुमची भाषणं ऐकलेल्या लोकांच्या चाचण्या आम्ही घेतल्या आहेत. दोन्ही बाजूंना केशरी रेषा अशीच उभी राहते."

"कवच काढायचा उपाय?"

"लस टोचता येते, सर. काढता येत नाही. उपाय एकच, जो विचार त्या माणसाने थट्टेच्या रूपात कधीच ऐकलेला नाही, असा सापडला पाहिजे. शालनताईंसाठी माझ्याकडे एक आहे. पण तो तुमच्या बाजूचा नाही, त्यांच्या बाजूचा आहे. देव डॉक्टरांच्या हातांनी काम करतो, हा."

हेरंबरावांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंच. टोप अजून डोक्यावर होता. रुकसानांनी पडद्याकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

"आण तिला बोलावून," ते म्हणाले. "बहीण जगणार असेल तर मी देवाचीही वकिली करतो."

शालन आली ती मुलीचा, केतकीचा, हात धरून. अंगावरची साडी सैल झाली होती, पण वेणीफणी टापटीप. मुलींच्या शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं होतं. ते तिला शिकवलं होतं हेरंबरावांनी. वडील गेले तेव्हा ती परकरात होती. दादा तिला ओसरीवर बसवून चिंचोक्यांनी बेरजा शिकवायचा, आणि बरोबर आलं की एक चिंचोका भाजून खायला द्यायचा. तिच्या लग्नात कन्यादान त्यानेच केलं, मंत्र सुरू असताना भटजींना कोपरखळ्या मारत. भाऊबहिणीचं प्रेम म्हणाल तर त्यात कुठे खोट नव्हती.

"तुमच्या प्रयोगाला माझा देव आडवा येत नाही हो," ती टोप चढवताना म्हणाली. "मला कसली टोपी घालताय ती घाला. आधीच दादाने पुष्कळ घातल्यात."

दोघांनाही टोप घातले होते. एकाची लहर दुसऱ्याच्या शब्दाला कशी उठते, हे रुकसानांना पाहायचं होतं. आधी शस्त्रक्रियेच्या यशाचे आकडे झाले. शालनची केशरी रेषा पहिल्या आकड्यालाच उठली. आयुष्यभर आकड्यांवर जगलेली बाई ती, पण हे आकडे दादाच्या बाजूचे होते. मग गाठ कशी वाढते ते झालं. तेही दारातच अडलं.

शेवटी रुकसानांनी खुर्ची पुढे ओढली. "शालनताई, मी स्वतः रोजे धरते. नमाज पढते. मला असं वाटतं, की वरचा आपल्याला बरं करतो ते कुणाच्या तरी हातांनीच..."

केशरी रेषा ताडकन उभी राहिली.

"हे नका सांगू, बाई," शालन मऊ आवाजात म्हणाली. "हे दादाने कधीच मोडून काढलंय."

"मी?" हेरंबराव म्हणाले.

"विसरलास? गोळी आणि तीर्थ."

विसरणं शक्यच नव्हतं. हेरंबरावांचं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान ते. लाखो लोकांनी फोनवर पाहिलेलं. त्यात ते म्हणायचे, "माझी धाकटी बहीण गणिताची शिक्षिका आहे. रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेते, आणि घेते कशाबरोबर? दत्ताच्या तीर्थाबरोबर! अहो, गोळीवर विश्वास असेल तर तीर्थ कशाला? तीर्थावर असेल तर गोळी कशाला? ही माणसं देवाला फसवतात की डॉक्टरला? यांच्यापेक्षा औषध नाकारून मरणारा अडाणी भाविक परवडला. तो निदान प्रामाणिक तरी असतो!" इथे छप्पर उडेल असा हशा पडायचा. मंडळाच्या हिशेबात त्या वाक्याला तोड नव्हती.

"पहिल्यांदा बोललास तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते," शालन म्हणाली. "माझा भाऊ बोलणार म्हणून शेजारणींना घेऊन आले होते. सगळे हसले. त्याचं मला काही वाटलं नाही, मीसुद्धा हसले. पण घरी आल्यावर विचार केला. तुझं बरोबर होतं, दादा. दोन्हीकडे पाय ठेवायचा म्हणजे लबाडीच. दोनपैकी एकच काहीतरी धरायला हवं." ती थांबली. "मग मी एक धरलं. तुला वाटलं असेल मी दुसरं धरीन."

केतकी खिडकीबाहेर बघत होती.

हेरंबरावांना एकाएकी सगळं स्वच्छ दिसलं. एका हातात गोळी आणि एका हातात पळी, असं ती किती समाधानाने जगत होती! ती मधली वाट साधी होती, वापरातली होती, तिच्यावरून कोट्यवधी माणसं रोज दवाखान्यात येतजात होती. तीच त्यांनी हसून हसून बुजवली होती. टोकं मात्र दोन्ही शाबूत राहिली.

त्यांच्याजवळचे युक्तिवाद संपले. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते संपले असावेत. "शालन," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "मला भीती वाटते गं. तू गेलीस तर मला दादा म्हणणारं कुणी उरणार नाही."

हा युक्तिवाद नव्हताच. पडद्याजवळ बसलेल्या रुकसाना अर्धवट उठल्या आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. शालनने भावाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"दादा," ती हळूच म्हणाली, "देवाच्या मनात असेल तर..."

"देवाच्या मनात काय आहे ते ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन सांग म्हणावं त्याला!" हेरंबराव म्हणाले.

ते कसं तोंडातून निघालं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सवयीने त्यांनी हशासाठी क्षणभर जागाही सोडली. कुणी हसलं नाही. शालनने हनुवटीखालचा बंद सोडला, टोप काढून टेबलावर ठेवला, आणि केसांवरून हात फिरवला.

"चल केतकी," ती म्हणाली. "दादा, तू जेवायला येत जा अधूनमधून. एकटा काय खातोस कोण जाणे."

चार दिवसांनी रुकसानांनी हेरंबरावांना बोलावून घेतलं. त्यांनी चहा मागवला, पण त्याला कुणी हात लावला नाही. पडद्यावर त्या दिवसाच्या रेषा एकाखाली एक मांडलेल्या होत्या.

"ही शालनताईंची केशरी रेषा. तुम्ही भीती वाटते म्हणालात ती जागा इथे आहे. पाहा."

रेषा सपाट होती. आधीचे सगळे उंचवटे तिथे येऊन शांत झाले होते.

"इतकी सपाट रेषा मी मोठ्या माणसात पाहिलेली नाही," रुकसाना म्हणाल्या. "कवच उतरलं होतं, सर. त्या ऐकत होत्या. नुसतं ऐकत नव्हत्या, वळल्या होत्या. नकार तयार होताना रेषेत एक विशिष्ट वळण दिसतं, ते इथे नाही. जे वाक्य त्यांनी सुरू केलं, ते नकाराचं नव्हतं."

"काय होतं मग?"

"यंत्र लहरी वाचतं. शब्द नाही." त्यांनी खालच्या रेषेवर बोट ठेवलं. "आणि ही तुमची. 'देवाच्या' या शब्दावर."

ती कशी होती हे सांगायची गरज नव्हती.

त्याच दुपारी हेरंबराव शालनकडे गेले. तिने त्यांना वरणभात वाढला, वर तूप घातलं. शस्त्रक्रियेचा विषय काढला की ती वाढायला उठायची. उतरलेलं कवच परत चढलं होतं आणि आता ते पूर्वीपेक्षा जाड होतं. असंच होतं, रुकसानांनी सांगितलं होतं. अर्ध्यावर परतवलेलं मन पुन्हा त्या वाटेला येत नाही. हेरंबराव मग रोज केंद्रात जाऊ लागले. टोप घालून बसायचे, यंत्राला वाक्यं ऐकवायला सांगायचे, आणि डोळे मिटून नुसतं ऐकायचा सराव करायचे. मंडळाची व्याख्यानं त्यांनी बंद केली. कार्यकर्ते म्हणू लागले, सर म्हातारे झाले, बहिणीच्या नादाने भक्तिमार्गाला लागले. त्यावरही मंडळात हशा पडला. सरावाने रेषेत केसभर फरक पडला नाही.

गाठीने तेवढ्यात आपलं काम उरकलं. ती यकृतात पोचली आणि डॉक्टर म्हणाले, आता कापून उपयोग नाही.

शालनने आपली खाट देव्हाऱ्यासमोर मांडून घेतली होती. केतकी उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होती. बाहेर कडक ऊन होतं. हेरंबराव आले आणि जमिनीवरच बसले, ओसरीवर बसायचे तसे.

"शालन," ते म्हणाले, "एक विचारू? वाद नाही घालणार. त्या दिवशी टोप्या घालून बसलो होतो, तेव्हा तू म्हणालीस, देवाच्या मनात असेल तर. पुढे काय म्हणणार होतीस?"

शालनच्या कोरड्या ओठांवर हसू आलं. "इतके दिवस तेच घेऊन बसलास होय रे?"

"सांग ना."

"सांगते की. त्यात काय." तिने श्वास गोळा केला. मान वळवून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "मी म्हणणार होते, दादा, देवाच्या मनात असेल तर..."

हेरंबरावांनी ओठ घट्ट मिटले. त्यातून त्यांनी एकही शब्द बाहेर पडू दिला नाही. मुठी आवळल्या, चिंचोके दाबून धरायचे तशा. पण आत कुठेतरी ते उठलंच. मन असायला मेंदू लागतो. देवाला मेंदू आहे का? असेल तर मग त्यालाही गाठ होत असेल... ते त्यांना नको होतं. मनातल्या मनात हात जोडून ते त्याला नको म्हणत होते. तरी वाक्यामागून वाक्य येत राहिलं, नेटकं, धारदार, तीस वर्षं घासून लख्ख केलेलं, आणि पाठोपाठ भरल्या सभागृहाचा हशाही आला. समोर शालनचे ओठ हलत होते. ते दिसत होते. मग ते हलायचे थांबले.

केतकी ओढणीत तोंड लपवून हमसून हमसून रडत होती. शालनने डोळे मिटून घेतले होते. मनातलं एकदाचं बोलून टाकलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा तिचा चेहरा होता. तिला पुन्हा बोलायला लावावं एवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"केतकी," हेरंबराव कुजबुजले. "काय म्हणाली गं ती?"

केतकीने मान वर केली. "मामा, आत्ता तर सांगितलं तिने. तुमच्याकडे बघूनच सांगितलं."

"परत सांग. तू सांग."

केतकीने डोळे पुसले. "आई म्हणाली," तिने सुरुवात केली, "की देवाच्या मनात असेल तर..."

हेरंबराव तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिले.